खिंडसीवर मिटणारी नाव

शुक्रवार

नागपुरात शिडाची नाव चालवायची म्हटलं की जो तो आधी अंबाझरी सुचवतो, मग फुटाळा. अंबाझरीच्या काठाने संध्याकाळी फिरायला छान वाटतं, फुटाळ्यावर कणीस खायलाही. पण साडेपाच मीटर रुंदीची नाव वाऱ्यावर वळवायला जो मोकळा पसारा लागतो, तो तिथे नाही. तोतलाडोह व्याघ्र प्रकल्पात, त्यामुळे तो विषयच नको. गोसीखुर्दचं पाणी अफाट, पण बुडित क्षेत्रातले खुंट कुठे वर येतील याचा नेम नाही. उरलं रामटेकजवळचं खिंडसी. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, कडेला टेकड्या, आणि बोटिंगची जागा असल्यामुळे पाण्यापर्यंत गाडी जाते. परवानग्यांची कागदपत्रं दादाने आधीच करून ठेवली होती.

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. बरीच वर्षं मालवाहू जहाजावर होता. परत आला तो ही जुनी ट्रायमरान, म्हणजे तीन पोटांची शिडाची नाव, घेऊनच. कोराडी रोडच्या घराच्या अंगणात जिथे संत्र्याचं झाड होतं तिथे आता ट्रेलर उभा असतो. वहिनी अजून त्या झाडाचा हिशेब मागते.

नाव अशी आहे. मधे मुख्य नाव, साडेसात मीटरच्या आसपास लांब, आत वाकून शिरलं तर दोन माणसं झोपतील एवढी खोली. दोन्ही बाजूंना दोन निमुळते फ्लोट. त्यांना जोडणारे बीम, प्रत्येक बाजूला एक पुढे, एक मागे. प्रत्येक बीमच्या बुडाशी एक जाडजूड बोल्ट. हे चार बोल्ट मोकळे केले की बीम उभे होतात आणि फ्लोट खाली-आत सरकून मुख्य नावेला चिकटतात. साडेपाच मीटरची रुंदी अडीचवर येते आणि नाव गाडीमागे लावून रस्त्यावर काढता येते. ही युक्ती न्यूझीलंडच्या इयान फॅरियरची, 1970च्या दशकातली. पुढे 1984 मध्ये कॅलिफोर्नियात कोर्सेअर ही कंपनी निघाली आणि त्याने आखलेली एफ-27 जगभर गेली. फॅरियर 2017 मध्ये वारला. डेन्मार्कच्या ड्रॅगनफ्लाय नावांचे फ्लोट निराळ्या तऱ्हेने, मागच्या बाजूला फिरून मिटतात. त्यात रुंदी कमी होते पण लांबी वाढते. आमची फॅरियर पद्धतीची.

बघणाऱ्यांना वाटतं की अशी हलकी, पळणारी नाव हाकायला छाती लागते. हाकणं त्या मानाने सोपं आहे. घोर लागतो तो नाव उभी असताना. मिटायची कधी, उघडायची कधी, आणि रात्री तिला कशाच्या भरवशावर सोडून झोपायचं? म्हणून शुक्रवारचा दिवस शिडांपेक्षा दोऱ्यांतच गेला.

इतवारीत दोरीच्या दुकानात अर्धी सकाळ गेली. दुकानदार पिवळी प्लास्टिकची दोरी पुढे सरकवत होता, स्वस्त आणि दिसायला भक्कम. ती पाण्यावर तरंगते, त्यामुळे बोटीच्या पंख्यात अडकते. आणि नागपूरच्या उन्हात काही महिन्यांत तिचे तंतू पांढरे पडून झडायला लागतात. नांगराला नायलॉनच हवं, कारण ते ताणलं जातं. वाऱ्याचा झपाटा आला की नायलॉन लांबतं आणि धक्का खुंटीपर्यंत पोचायच्या आत बराचसा गिळून टाकतं. शिडं ओढायच्या दोऱ्यांना मात्र ताण नको, तिथे पॉलिएस्टर. हे सगळं दादा दुकानदाराला समजावत बसला. त्यानेही ऐकून घेतलं, मग भावात एक पैसा सोडला नाही.

अंगणात काँक्रीटचे ठोकळे ओतून तयार होते, वर सळईचं कडं. साधारण 60 किलोचा एक, असे चार, साखळीने एकत्र जोडायचे. आता गंमत अशी की काँक्रीट पाण्यात गेलं की चाळीस टक्क्यांहून थोडं जास्त वजन गमावतं. म्हणजे अंगणात दोघांना घाम फोडणारा तो ठोकळा तलावाच्या तळाशी जेमतेम 35 किलोचा. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा सुमारे आठवा हिस्साच गमावतं. तरी लोक बोया, म्हणजे नाव अडकवायचा तरंगता गोळा, बांधायला काँक्रीट वापरतात कारण ते स्वस्त असतं. दादाचं म्हणणं, ठोकळा दिवसासाठी, नांगर रात्रीसाठी. ठोकळा नुसता बसून राहतो. नांगर ओढला की आणखी रुततो.

वहिनीने डब्यात पुडाची वडी आणि तिखट शेव दिली. ट्रेलरचे दिवे, टायर, चाकांचं ग्रीस तपासून झोपायला बारा वाजले.

शनिवार

तर्री पोहे खाऊन ऑटोमोटिव्ह चौक ओलांडला तेव्हा उजाडत होतं. कामठी, कन्हानचा पूल, मनसर. मनसरला जबलपूरचा हायवे सोडून उजवीकडे वळलो की रामटेकचा गड समोर येतो. मार्चअखेर होती, पळसाची फुलं झडायला आलेली. वाटेत दर थांब्यावर कोणीतरी विचारायचं, "हे विमान हाय का?" उभे बीम आणि कडेला लोळलेले फ्लोट पाहून तसं वाटणं साहजिक आहे.

पाण्याजवळ पोचल्यावर दादा आधी पाण्याकडे न बघता वर बघतो. विजेची तार. डोलकाठी ॲल्युमिनियमची, उभी केली की जमिनीपासून दहा मीटरच्या वर जाते, आणि उच्चदाबाच्या तारेला टेकायचीही गरज नसते. पुरेशी जवळ गेली तरी ठिणगी उडी मारते. जगभर शिडाच्या नावांचे किती तरी अपघात पाण्यात होत नाहीत, उताराच्या रस्त्यावर होतात. इथे रस्त्याकडेने तार गेलेली होती. ती ओलांडून पाण्याच्या अगदी जवळ, वर मोकळं आकाश असलेल्या जागी ट्रेलर लावला. डोलकाठी उभी झाल्यावर ट्रेलर त्या तारेखालून परत जाणार नाही हे बोटिंगच्या पोरांना दोनदा बजावलं, कारण मदतीच्या उत्साहात कोणीतरी गाडी मागे घेतोच.

डोलकाठी उभी करताना एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. बाजूच्या आधाराच्या तारा मुख्य नावेला नसून फ्लोटला जोडलेल्या असतात. फ्लोट मिटलेले असताना त्या तारा सैल लोंबतात, म्हणजे डोलकाठीला बाजूने धरणारं काहीच नसतं. म्हणून उभी करताना बाजूला तात्पुरत्या दोऱ्या लावायच्या, पुढून विंचने हळूहळू ओढायचं, आणि एका माणसाने फक्त वर बघत राहायचं. ते काम माझं. मान दुखते, पण बोलायचा अधिकार माझाच: "थांब" म्हटलं की थांबायचं, कारण नंतर विचारायचं.

मग ट्रेलर पाण्यात. नाव तरंगली की आधी मिटलेलीच बाजूला घ्यायची, डॅगरबोर्ड (नावेच्या पोटातून पाण्यात खाली सोडायची फळी) आणि सुकाणू वर. अशी नाव वीतभर पाण्यात नाही, पण गुडघाभर पाण्यात आरामात चालते. उघडण्याचं काम एका वेळी एका बाजूचं. बीमच्या वर आलेल्या टोकावर अंगाचा भार टाकून ते खाली दाबायचं, फ्लोट बाहेर सरकत जातो, पाणीच त्याला उचलून धरतं. फ्लोट आणि मुख्य नाव यांच्यामधली जाळी ताणली जाते, बीम आपल्या खोबणीत बसतो, ठक्. दादा त्या ठकवर विश्वास ठेवत नाही. बोल्ट पान्याने आवळतो, मग दुसऱ्या माणसाला चारही बोल्टांना हात लावून बघायला लावतो. एक बोल्ट सैल राहिला तर वाऱ्यात तो बीम आणि फ्लोट कसे वागतील हे बघायची आमची इच्छा नाही. आणि उघडमिट चालू असताना बीम आणि दुमडणाऱ्या दांड्यांच्या मधे बोट घालायचं नाही. लहान मुलं काठावर थांबवायची, कितीही रडली तरी.

ठोकळे टाकायला दुपारी जुना ढीवर काका आला, त्याच्या डोंग्यातून. त्याने आमच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"तीन पोटाची नाव हाय जी ही. एका पोटानं भागत नाई काय?"

"भागतं काका, पण मग ती आडवी होते."

"अन ही?"

"ही सहसा होत नाही. झाली तर परत उठत नाही."

काका हसला. खरं आहे ते. एका तळाच्या शिडाच्या मोठ्या नावेला खाली शिशाचं किंवा लोखंडाचं जड वजन असतं, ती कलंडली तरी उठून बसते. ट्रायमरानला ते वजन नाही, म्हणून ती पळते. उलटली तर उलटीच तरंगत राहते. बुडत मात्र नाही.

जागा काकानेच ठरवली. आम्हाला काठाजवळची सावली आवडली होती. "तिथं नका बांधू. खाली जुन्या बाभळीचे खुंट हाय, दोर अडकन." त्याने बांबू टोचत टोचत आत नेलं, जिथे बांबूला मऊ गाळ लागत होता. दोरीला वजन बांधून मोजलं तर खोली चार मीटर भरली. ठोकळे एकेक करून डोंग्याच्या कडेवरून सोडले. साखळी, तिला फिरतं कडं, त्यावर दोरी आणि वर लाल बोया. कडं फिरतं हवंच, नाहीतर नाव गोल फिरत राहते आणि दोरीला पीळ पडत जातो.

रात्री मिटायची की उघडी ठेवायची, यावर पुन्हा चर्चा. मिटली तर जागा कमी लागते, म्हणून धक्क्यांवर लोक मिटवून ठेवतात. पण त्यात तोटे दोन. मिटलेल्या फ्लोटची बाहेरची कूस पाण्यात जाते, जिला शेवाळ रोखणारा, नावेच्या तळाला देतात तो रंग नसतो. काही आठवड्यांत तिथे शेवाळ धरतं. ते घासता येईल. दुसरं जास्त महत्त्वाचं: अडीच मीटर रुंदीवर उभी डोलकाठी घेऊन नाव डुगडुगते, आणि बाजूच्या तारा सैल. शांत, आडोशाच्या पाण्यात ठीक. मोकळ्यावर नाही. आम्ही उघडीच ठेवली.

रविवार

सकाळी वारा नव्हता. नागपूरकडे मार्चमध्ये वारा दहा-अकरानंतर उन्हाबरोबर उठतो, आणि पश्चिमेकडून आला तर रामटेकच्या टेकडीवरून घसरत येतो. त्यामुळे खिंडसीवर तो सारखा नसतो. दोन मिनिटं काही नाही, मग गडाकडून एक काळपट रेघ पाण्यावरून धावत येते. ती रेघ पोचायच्या आधी मेनशीट, म्हणजे मोठं शीड ओढायची दोरी, हातात मोकळी हवी. आमच्या नावेवर ती कधीही पक्की बांधत नाहीत. दादाचा नियम असा की शीड सरासरी वाऱ्याला नाही, झपाट्याला जोखून लहान करायचं, आणि "लहान करूया का?" असा प्रश्न मनात आला की उत्तर हो.

चालवण्याबद्दल थोडक्यात: ती सुंदर पळते. वाऱ्याच्या बाजूचा फ्लोट पाण्याला टेकू-नटेकूसा होतो, दुसरा पाणी कापतो, आणि मधल्या नावेच्या पोटाखालून शिट्टीसारखा आवाज येतो. माझा भाचा त्या जाळीवर पालथा पडून खाली पळणारं पाणी बघत होता. त्याला दुपारपर्यंत तिथून उठवता आलं नाही. अडचण वळताना. नाव हलकी, त्यामुळे वाऱ्यात तोंड घातलं की गती लगेच मरते आणि ती मधेच अडते. तेव्हा पुढचं जिब शीड सोडायचं नाही. जुन्याच बाजूला क्षणभर धरून ठेवायचं, वारा त्यात उलटा भरतो आणि नावेचं नाक पलीकडे ढकलतो. मग सोडायचं. घाईने सोडणारा माणूस तलावाच्या मधोमध मागे सरकत बसतो.

दुपारी धक्क्याला लावायचं ठरलं, कारण वहिनी आणि मंडळी नागपुरातून वडाभात घेऊन आली होती. रविवार, रामटेकच्या दर्शनाहून आलेली गर्दी. धक्क्याला लावणं हे या नावेचं सगळ्यात नाजूक काम. मुख्य नाव धक्क्यापर्यंत पोचतच नाही, मधे फ्लोट असतो, आणि फ्लोटची भिंत पातळ. मोटर हळू केली की वारा नावेला बाजूने ढकलतो, तिला धरून ठेवायला खाली काही नसतं. म्हणून डॅगरबोर्ड थोडा खाली सोडलेला ठेवायचा. तेवढ्याने ती पाण्यात रोवून वळते. वाऱ्याच्या तोंडावर यायचं, वेग चालत्या माणसाएवढा, फ्लोटवर फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या गाद्या, आधीच लावलेले. फेंडर उभे टांगले तर धक्क्याच्या कडेवरून निसटतात. आम्ही लांब फेंडर आडवा बांधतो.

धक्क्यावर एक जण मदतीला धावला आणि फ्लोटच्या टोकावर उडी मारली. फ्लोटचं टोक पाण्यात गेलं, नाव तिरकी झाली, वडाभाताचं पातेलं सुदैवाने अजून गाडीत होतं. "दादा, मी तर पकडत होतो!" त्याचा हेतू चांगलाच होता. पण फ्लोटच्या टोकाला माणसाचं वजन नको, आणि चाललेली नाव हातापायाने थांबवायची तर अजिबात नको. शेकडो किलोचं वजन पायाला ऐकत नाही. दोरी खुंट्याला एक वेढा देऊन पकडायची, म्हणजे खुंटाच ओढ घेतो.

बांधताना चार दोऱ्या: पुढची, मागची, आणि दोन तिरप्या. तिरप्या महत्त्वाच्या. एक पुढून मागे जाते, एक मागून पुढे. त्या नावेला धक्क्यालगत पुढे-मागे सरकू देत नाहीत. दोऱ्यांचा मुख्य ताण मधल्या नावेच्या खुंट्यांवर घ्यायचा, फ्लोटवर फक्त ती जागी धरण्यापुरता. समुद्रावर भरती-ओहोटीसाठी दोऱ्यांना ढील ठेवावी लागते. इथे पाणी कालव्याला सोडतात तेवढंच उतरतं, एका दुपारीत काही कळत नाही.

वडाभात अप्रतिम होता. फोडणीचं तेल वरून घेताना काकूंनी हात आखडला नाही. जेवण झाल्यावर प्रत्येकाला "एक चक्कर" हवी होती. जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नावेवर पाय नाही, या नियमावर दोन आत्यांनी रुसवा धरला आणि काठावर बसूनच मजा पाहिली.

सोमवार

बाकीचे रविवारी रात्रीच परतले. दादा, मी आणि भाचा राहिलो. सकाळी हवेत उकाडा होता, असा की कपडे अंगाला चिकटावेत. दुपारी मोबाईलवर हवामान खात्याचा इशारा आला: विजांसह पाऊस, वादळी वारा. विदर्भात या दिवसांत अवकाळी काही नवीन नाही. गारपिटीने संत्रा झोपवल्याच्या बातम्या दर वर्षी येतात.

काका डोंगा काठावर ओढून उलटा करत होता. "आज रातच्याला येते जी. गडावर पाहा न, कसं काळं होऊन राह्यलं."

तीन वाजता शिडं उतरवायला सुरुवात केली. मोठं शीड पूर्ण काढून खोलीत. पुढचं शीड गुंडाळून ठेवता येतं, पण गुंडाळलेलं शीड ठेवणं म्हणजे संकटाला निमंत्रण. वादळात त्याचा एक कोपरा सुटला की वारा ते उलगडत नेतो आणि मग नाव आपणहून शिडावर चालू लागते, बांधलेल्या अवस्थेत. तेही काढलं. सुकाणू आणि डॅगरबोर्ड वर घेतले. जाळीवर काही सुटं ठेवलं नाही.

आता दोऱ्या. नुसती एक दोरी नाकाला बांधून हलकी ट्रायमरान बोयाला सोडली तर ती खुंट्याला बांधलेल्या वासरासारखी डावीकडे धावते, हिसका खाते, उजवीकडे धावते. प्रत्येक हिसका नांगराला सैल करतो. त्यावर उपाय म्हणजे दुहेरी दोरी: दोन्ही फ्लोटच्या पुढच्या भागापासून एकेक दोरी, सारख्या लांबीची, पुढे एका कड्यात एकत्र आणि तिथून बोयाला. रुंद पाया मिळतो, नावेचं तोंड वाऱ्यात राहतं. तिसरी दोरी मधल्या नावेच्या नाकापासून त्याच कड्याला, पण सैल; दोन्हीपैकी एक तुटली तर ती कामाला येते. बीमच्या कडेला जिथे दोरी घासणार तिथे बागेच्या पाइपचे तुकडे चिरून चढवले आणि सुतळीने बांधले. वाऱ्यात दोऱ्या ओढीने क्वचितच तुटतात. त्या घासून तुटतात.

मग नांगर, वारा जिकडून येणार त्या दिशेला. चार मीटर पाणी, त्यात नाकाची पाण्यावरची उंची एक मीटर, बेरीज पाच. त्याच्या सात पट, म्हणजे 35 मीटर दोरी सोडायची. नुसत्या खोलीवर हिशेब करणारे लोक इथे फसतात. सात पट का, तर दोरी जितकी आडवी तितका नांगर तळाला समांतर ओढला जातो आणि रुततो. उभी ओढ त्याला उपटते. नांगराला लागून साखळी, तीही दोरीचं टोक खाली दाबून ठेवायलाच. चिखलात पसरट पात्यांचा नांगर चांगला बसतो. मोटरने हळूहळू मागे ओढून बघितलं, दोरी ताणली, नाव थांबली. काकाने तोंडाने "बसला" असं म्हटलं आणि विडी पेटवली.

दादाला नावेवरच झोपायचं होतं. वहिनीला फोनवर कळलं. "नावेचा विमा काढला आहेस, स्वतःचा वाढवायचा राहिलाय. काठावर ये." आणि खरंच, मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू ती डोलकाठी; विजांच्या रात्री तिच्याखाली कोणी बसू नये. काकाने डोंगा पुन्हा पाण्यात घालून आम्हाला किनारी आणलं. आम्ही गाडीत बसलो.

नऊच्या सुमारास गडाकडून थंड हवेची झुळूक आली, मग धूळ, मग वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. हे वाचलेलं असतं, गाडी हलायला लागली की पटतं. विजेच्या उजेडात नाव दिसत होती, तिन्ही अंगांनी वाऱ्याकडे तोंड करून. नांगर घसरतोय की नाही हे ओळखायला दादाने संध्याकाळीच खूण ठरवली होती: गाडीच्या खिडकीतून बोटिंगच्या खांबाचा दिवा आणि नावेची डोलकाठी एका रेषेत. डोलकाठी दिव्याच्या डावी-उजवीकडे डुलली तर चालेल, एकीकडेच सरकत राहिली तर नांगर निघाला. ती डुलत होती. मग दिवाच गेला, सगळीकडचीच वीज गेली. त्यानंतर वीज चमकेल तेव्हाच बघायचं. भाचा प्रत्येक चमकेला "आहे, आहे" ओरडत होता.

उलटण्याची भीती मनात होतीच. चक्रीवादळाच्या देशांत काही जण नाव बांधून सोडताना फ्लोटमध्ये मुद्दाम पाणी भरतात, वजन वाढावं म्हणून. आम्हाला तेवढी गरज नव्हती. वारा अर्धा तास, मग मोठ्या थेंबांचा पाऊस, थोड्या गारा टपावर वाजल्या. अकराच्या पुढे चांदणं पडलं आणि बेडकांनी ताबा घेतला. पुडाची वडी संपवली.

मंगळवार

सकाळी काकाच्या डोंग्यातून गेलो. नाव जागेवर. उजव्या बाजूच्या दोरीवरचा पाइप जवळजवळ आरपार घासला होता, आत नायलॉन शाबूत. ठोकळे काही मीटर सरकलेले. साखळी नांगराच्या बाजूला सैल पडली होती, म्हणजे रात्रीचा सगळा भार नांगरानेच वाहिला. तो काढायला मात्र तिघांची दमछाक झाली. दोरी उभी होईपर्यंत नाव त्याच्या डोक्यावर नेली, दोरी खुंट्याला वेढली आणि मोटरने थोडं पुढे रेटलं तेव्हा सुटला, सोबत टोपलंभर काळा गाळ घेऊन. तो गाळ जाळीवरून निघता निघेना.

मिटण्याचं काम शांत पाण्यात, काठाच्या आडोशाला. बोल्ट मोकळे, एक बाजू, मग दुसरी. मग डोलकाठी खाली, ट्रेलर पाण्यात, नाव त्यावर, पट्टे. रस्त्यावर बीमना वेगळा पट्टा लागतो, नाहीतर खड्ड्यांनी फ्लोट हळूहळू उघडू बघतात. तार ओलांडण्याआधी डोलकाठी पूर्ण आडवी बांधली आहे ना, हे दादाने पुन्हा पाहिलं.

ठोकळे बाहेर काढायची हिंमत कोणातच उरली नव्हती. काकाने आधीच त्यावर नजर ठेवली होती. "राहू द्या न जी. माह्या डोंग्याले कामी येईन. पावसाळ्यात लय वाहून जाते." बोटिंगवाल्यांना विचारलं, त्यांची हरकत नव्हती.

"आन हे फिरतं कडं?" काकाने बोया उचलून विचारलं.

"ते स्टेनलेसचं आहे काका," दादा म्हणाला, "महाग येतं."

"मंग दोर पीळ खाईन ना. तुमीच सांगलं."

दादाने पाना परत डब्यात टाकला. कड्यासकट बोया काकाच्या डोंग्यात गेला, आणि आम्ही मनसरला चहाला थांबेपर्यंत तो नवीन कड्याची किंमत मोबाईलवर शोधत होता.